शर्यतीतला कामगार आणि त्याचे शिरस्त्राण

मुंबई–पुणे सायकल शर्यत आपणास नवी नाही. त्या शर्यतीत बोरघाट चढून जो पहिला माथा गाठतो, त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. अशा राजाच्या डोक्यावर काय असावे, या साध्या प्रश्नावर युरोपात बारा वर्षे वाद चालला.

पोटासाठी शर्यती करणाऱ्या तिकडच्या स्वारांपैकी काही पूर्वी चामडी पट्ट्यांची टोपी घालीत, पुष्कळजण तीही घालीत नसत. १९९१ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघाने कडक हेल्मेट सक्तीचे केले. पॅरिस–नीस शर्यतीत स्वारांनी उघड्या डोक्याने निघून विरोध केला आणि संघाला माघार घ्यावी लागली.

जीव वाचवणारी वस्तू कामगाराला नको का वाटते? मित्रहो, याचे उत्तर कोणत्याही लहान कारखान्याच्या गाळ्यात मिळेल. नगावर मजुरी घेणारा प्रेसवाला यंत्राची जाळी काढून ठेवतो; कारण जाळीने हात मंदावतो आणि शेजाऱ्याचे नग जास्त भरतात. उन्हात घाट चढणाऱ्या स्वाराचेही तसेच. डोके तापते, वजन वाढते. एकट्याने हेल्मेट घालावे, तर दुसरा पुढे निघून जातो.

१८ जुलै १९९५ रोजी टूर द फ्रान्समध्ये, पिरेनीज पर्वताच्या उतारावर फाबिओ कासार्तेल्ली पडला. बार्सिलोना ऑलिंपिकचा हा सुवर्णपदक विजेता. डोक्यावर हेल्मेट नव्हते. तो वाचला नाही. तरीही नियम झाला नाही. मार्च २००३ मध्ये पॅरिस–नीस शर्यतीतच कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव पडून दगावला, तेव्हा कोठे ५ मे २००३ पासून सक्ती आली. शेवट लांब चढावर असेल, तर त्या चढाला हेल्मेट काढण्याची मुभा प्रथम ठेवली होती. पुढे तीही गेली. नियम साऱ्यांना एकच, त्यामुळे हेल्मेटापायी कोणी मागे पडेना.

डिस्क ब्रेकची कथा याहून बोधप्रद आहे. त्याची चाचणी २०१५ साली सुरू झाली. २०१६ च्या पॅरिस–रूबे शर्यतीनंतर स्पेनच्या फ्रान्सिस्को व्हेंतोसोने, ब्रेकच्या तबकडीने आपला पाय कापला, असे जाहीर पत्र लिहिले. चाचणी थांबली. पुढच्या वर्षी कडा गोल केलेल्या तबकड्या घेऊन ती पुन्हा सुरू झाली आणि २०१८ साली मान्यता मिळाली.

कोणी म्हणेल, स्वारांचे ऐकायचे तर १९९१ साली त्यांनी हेल्मेटच नाकारले होते! परंतु ऐकणे म्हणजे ‘नको’ ऐकून गप्प बसणे नव्हे. ‘नको’ का, हे विचारून ती अडचण दूर करणे, याला ऐकणे म्हणतात.

१९४८ च्या कारखाना कायद्याने धोक्याच्या यंत्राला आडोसा घालणे बंधनकारक केले. पण नगाचा दर जाळी काढून ठरवला, तर कायदा कागदावरच राहतो. जाळी लावून दिवसाला किती नग निघतात ते मोजावे आणि त्यावर दर बांधावा. मग जाळी कोणी काढणार नाही, आणि बोटे शाबूत राहतील.