घासावरची भुरी : रोगाला दाद न देणारा वाण कसा शोधतात?

हडपसर : पुणे-सोलापूर रस्त्याच्या पट्ट्यात भुरी म्हटलं की आधी द्राक्ष आठवतं. हडपसरजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रच आहे. पण भुरी लसूण घास, वाटाणा, चवळी या पिकांवरही येते. द्राक्षावरची भुरी मात्र घासावर जात नाही, ती बुरशी वेगळी.

ओळख : पानावर पिठासारखे पांढरे डाग दिसतात, बोटाने पुसले की भुकटी हाताला लागते. कोरडी हवा, थंड रात्री आणि दाट पीक असलं की रोग वाढतो. पुढे पानं पिवळी पडून गळतात. घासाची खरी ताकद पानात असते, त्यामुळे जनावराला नुसत्या काड्या उरतात.

फवारणीची अडचण : घास दर २५-३० दिवसांनी कापला जातो आणि थेट गव्हाणीत जातो. औषध मारून थांबायला वेळ मिळत नाही, अंश दुधात उतरण्याची भीती राहते. म्हणून वाणच दणकट हवा.

चाचणी कशी होते? देशभरातून व परदेशातून जमवलेल्या बियाण्यांच्या नमुन्यांना जननद्रव्य म्हणतात. ते जपण्याचं काम दिल्लीचा राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरो करतो, त्याचं एक केंद्र अकोल्यात आहे. चाचणीत प्रत्येक नमुन्याची ओळ पेरतात. मध्ये मध्ये लवकर बळी पडणाऱ्या वाणाची ओळ ठेवतात, म्हणजे रोग सगळीकडे सारखा पसरतो. ही बुरशी जिवंत झाडावरच वाढते, म्हणून रोगट पानांची भुकटी निरोगी झाडांवर झटकतात. मग ० ते ९ असे गुण देतात : ० म्हणजे डाग नाही, ९ म्हणजे पानं पांढरीफटक. हेच दोन-तीन हंगाम आणि वेगवेगळ्या ठिकाणी करतात.

मुद्दा इतकाच की भुरी न आलेलं झाड आणि भुरीला दाद न देणारं झाड वेगळं. शेजारची ओळ पांढरी पडली आणि ही हिरवी राहिली, तरच वाण खरा.

शोध फुकट जात नाही. १९४८ मध्ये पेरूच्या (दक्षिण अमेरिका) वाटाण्यात भुरीला रोखणारा गुण सापडला. तो आजही वाटाण्याचे नवे वाण काढताना वापरला जातो.

शेतकऱ्यांनी काय करावं?
- बियाणं घेताना विचारा : भुरीची चाचणी कुठे आणि कोणत्या हंगामात झाली?
- भुरी दिसताच घास लवकर कापून घ्या, वाफ्यात हवा खेळू द्या.
- एकाच निरोगी झाडाचं बी धरू नका. घासात मधमाशीमुळे परपरागीभवन होतं, गुण तसाच उतरेल असं नाही.
- चारा पिकांच्या माहितीसाठी उरुळी कांचनची बायफ संस्था (स्थापना १९६७) किंवा राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ गाठा.