कूर्चेची दुरुस्ती : शस्त्रक्रिया आणि रक्तातील निदर्शक

गुडघा, घोटा यांसारख्या सांध्यांतील कूर्चेला इजा झाल्यास ती शस्त्रक्रियेने भरून काढण्याच्या अनेक पद्धती गेल्या सुमारे चार दशकांत विकसित झाल्या आहेत. मात्र शस्त्रक्रियेनंतर त्या जागी कोणत्या प्रतीची ऊती तयार झाली, हे केवळ रक्त तपासून खात्रीपूर्वक सांगणारी एकही चाचणी नित्याच्या वैद्यकीय व्यवहारात अद्याप मान्य झालेली नाही. या शस्त्रक्रिया, त्यांचे दीर्घकालीन निष्कर्ष आणि रक्तातील निदर्शकांची उपयुक्तता व मर्यादा यांचा हा आढावा.

कूर्चा स्वतःहून का भरून येत नाही?

सांध्यात एकमेकांवर फिरणाऱ्या हाडांच्या टोकांवर असलेले पांढरट, गुळगुळीत आणि चिवट आवरण म्हणजे कूर्चा. गुडघ्यात तिची जाडी साधारणपणे २ ते ४ मिलिमीटर असते. तिच्यात सुमारे ६५ ते ८० टक्के पाणी असते. उरलेला भाग मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेन तंतूंचे जाळे आणि त्यात अडकलेले, पाणी धरून ठेवणारे ॲग्रिकन नावाचे मोठे रेणू यांचा बनलेला असतो. या रचनेमुळेच ती शरीराचा भार पेलते आणि हाडांचे घर्षण टाळते.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. त्यामुळे केवळ कूर्चेपुरती इजा झाली तर तेथे रक्तस्राव होत नाही, रक्ताची गुठळी तयार होत नाही आणि जखम भरण्याची नेहमीची प्रक्रिया सुरूच होत नाही. कूर्चापेशींची संख्या अत्यल्प असून त्या आपल्या जागी जखडलेल्या असतात. एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा पूर्ववत होत नाही, असे निरीक्षण शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. ते मूलतः आजही खरे मानले जाते.

शस्त्रक्रियेच्या प्रमुख पद्धती

पहिली पद्धत म्हणजे हाडाला सूक्ष्म छिद्रे पाडणे. अमेरिकेतील शल्यचिकित्सक रिचर्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकात ती रूढ केली. दुर्बिणीच्या साहाय्याने खराब कूर्चा खरवडून काढली जाते व खालच्या हाडात ३ ते ४ मिलिमीटर अंतरावर बारीक छिद्रे पाडली जातात. त्यांतून अस्थिमज्जेतील रक्त व पेशी वर येऊन गुठळी तयार होते आणि कालांतराने खड्डा भरतो. मात्र भरून आलेली ऊती बहुधा तंतुमय कूर्चा असते. तिच्यात पहिल्या प्रकारचे कोलॅजेन अधिक असल्याने मूळ कूर्चेइतकी लवचिकता व टिकाऊपणा तिच्यात नसतो.

दुसऱ्या पद्धतीत सांध्याच्या कमी भार पडणाऱ्या भागातून कूर्चा व हाड यांचे छोटे दंडगोल काढून ते खड्ड्यात बसवले जातात. हंगेरीतील लास्लो हांगोडी यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत प्रचारात आणली. यात खरी कूर्चा मिळते. पण काढून घेता येणारा साठा मर्यादित असल्याने ती प्रामुख्याने लहान खड्ड्यांसाठी वापरली जाते.

तिसरी पद्धत रुग्णाच्याच कूर्चापेशींच्या रोपणाची आहे. यासाठी दोन शस्त्रक्रिया कराव्या लागतात. पहिल्या वेळी कूर्चेचा लहानसा तुकडा घेतला जातो, प्रयोगशाळेत काही आठवडे त्यातील पेशींची वाढ केली जाते आणि दुसऱ्या वेळी त्या खड्ड्यात सोडल्या जातात. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९८७ साली पहिल्या रुग्णावर हा प्रयोग झाला. अलीकडे या पेशी कोलॅजेनच्या पातळ पडद्यावर वाढवून तो पडदाच खड्ड्यात बसवला जातो. अशा उत्पादनाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता दिली.

भारतातही मुंबईस्थित कंपनीने विकसित केलेल्या कूर्चापेशी-उत्पादनाला २०१७ साली औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली आहे.

या सर्व शस्त्रक्रिया मर्यादित जागेतील खड्ड्यांसाठी आहेत. संपूर्ण सांधा झिजलेला असल्यास त्यांचा सहसा उपयोग होत नाही. पायाची ठेवण वाकडी असेल किंवा अस्थिबंध फाटलेला असेल, तर तो दोषही दुरुस्त करावा लागतो. अन्यथा नव्या ऊतीवर पुन्हा तोच अयोग्य भार पडतो.

वेदना कमी होणे आणि कूर्चा तयार होणे

गोथेनबर्गच्या पथकाने आपले निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध केले. २३ रुग्णांपैकी १६ जणांच्या मांडीच्या हाडाच्या टोकावर खड्डा होता. त्यांपैकी १४ जणांचा निकाल दोन वर्षांनंतर चांगला किंवा उत्तम होता. गुडघ्याच्या वाटीमागे इजा असलेल्या ७ जणांपैकी मात्र केवळ दोघांनाच तसा लाभ झाला.

यानंतर नॉर्वेमध्ये ८० रुग्णांवर तुलनात्मक चाचणी झाली. निम्म्या रुग्णांवर पेशीरोपण व निम्म्यांवर सूक्ष्म छिद्रांची शस्त्रक्रिया करण्यात आली. २००४ मध्ये जाहीर झालेल्या दोन वर्षांच्या निष्कर्षांत नवी पद्धत जुनीहून सरस ठरली नाही. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांत २३ टक्के शस्त्रक्रिया अयशस्वी ठरल्या होत्या.

या चाचणीतील आणखी एक निरीक्षण महत्त्वाचे आहे. दोन वर्षांनंतर ६७ रुग्णांच्या भरून आलेल्या ऊतीचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आले. तेव्हा ऊतीची प्रत आणि रुग्णाला वाटणारा आराम यांत संबंध आढळला नाही. परंतु ज्यांच्या सांध्यात उत्तम प्रतीची कूर्चा तयार झाली होती, त्यांच्यापैकी एकाचीही शस्त्रक्रिया पाच वर्षांच्या पाहणीपर्यंत अयशस्वी ठरली नाही. म्हणजेच, दुखणे थांबले यावरून दुरुस्ती टिकेल असा निष्कर्ष काढता येत नाही. टिकाऊपणा ठरवण्यात ऊतीच्या प्रतीचा वाटा असावा.

ही प्रत प्रत्यक्ष तपासण्यासाठी सांध्यात पुन्हा दुर्बीण घालून नमुना घ्यावा लागतो आणि बऱ्या होत असलेल्या सांध्याला पुन्हा इजा करावी लागते. साध्या रक्तचाचणीतून हे उत्तर मिळावे, यासाठी संशोधक प्रयत्नशील आहेत ते याच कारणामुळे.

निदर्शक म्हणजे काय?

कूर्चा घडताना आणि मोडताना तिच्या घटकांचे अंश संधिद्रवात व तेथून रक्तात आणि लघवीत उतरतात. त्यांचे मोजमाप म्हणजेच निदर्शक. त्यांचे स्थूलमानाने दोन गट करता येतात.

घडणीचे निदर्शक : दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचा नवा तंतू तयार होताना त्याच्या मूळ रेणूची टोके कापली जातात. ही टोके रक्तात आढळल्यास नवे कोलॅजेन तयार होत असल्याचे सूचित होते.

झिजेचे निदर्शक : तयार तंतू तुटल्यावर त्याचा 'सीटीएक्स-२' नावाचा अंश लघवीत मोजता येतो. कूर्चेतील 'कॉम्प' या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे प्रथिन रक्तात मोजले जाते. सांध्यांच्या झिजेच्या संशोधनात या दोन्हींचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला आहे.

या क्षेत्रात प्रगतीही होत आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधील २०० महिलांच्या रक्तनमुन्यांचा अभ्यास करून २०२४ मध्ये असे दाखवले, की क्ष-किरण चित्रात झीज दिसण्यापूर्वी आठ वर्षे आधी काही प्रथिनांच्या आधारे गुडघ्याच्या झिजेचा अंदाज बांधता येतो. मात्र हा अभ्यास झिजेच्या आजाराचा आहे, शस्त्रक्रियेनंतरच्या दुरुस्तीचा नव्हे.

दुरुस्तीच्या बाबतीत अडचणी कोणत्या?

पहिली अडचण प्रमाणाची आहे. शस्त्रक्रियेचा खड्डा बहुधा काही चौरस सेंटिमीटरचा असतो; रक्तात मात्र पाठीचा कणा, खुबे, खांदे, बोटे अशा शरीरभरातील कूर्चेचे अंश मिसळलेले असतात. एका लहान ठिगळातून येणारा संकेत त्यात सहज हरवतो.

दुसरी अडचण दैनंदिन चढउतारांची आहे. केवळ ३० मिनिटे चालल्यानंतरही रक्तातील कॉम्पचे प्रमाण वाढते, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. वय, वजन, दिवसाची वेळ आणि स्त्रियांमधील रजोनिवृत्ती यांचाही निदर्शकांवर परिणाम होतो. शिवाय कॉम्प हे प्रथिन स्नायूंच्या कंडरांमध्येही असते.

तिसरी अडचण अर्थ लावण्याची आहे. शस्त्रक्रियेमुळे होणारा दाह स्वतःच अनेक निदर्शक वाढवतो. पुढे नवी ऊती पक्व होताना घडण आणि मोड एकाच वेळी चालू असतात. त्यामुळे झिजेचा निदर्शक वाढला म्हणजे दुरुस्ती फसली, असे मानता येत नाही. संधिद्रवातील मोजमाप सांध्याच्या अधिक जवळचे असते. परंतु त्यासाठी सांध्यात सुई घालावी लागते आणि सूज असल्यास द्रव पातळ होऊन आकडे बदलतात.

सध्या कशावर भर दिला जातो?

शस्त्रक्रियेनंतरची पाहणी आजही रुग्णाची तपासणी, वेदना व हालचालींबाबतच्या ठरावीक प्रश्नावल्या आणि एमआरआय यांवर आधारलेली आहे. खड्डा किती भरला, नवी ऊती कडेच्या कूर्चेशी व खालच्या हाडाशी जुळली का, हे एमआरआयमध्ये पाहून गुण देण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत. नवी ऊती पक्व होण्यास एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून पहिल्या काही महिन्यांतील एखाद्या आकड्यावरून यशापयश ठरवणे योग्य नाही.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सीआरपी किंवा ईएसआर या रक्तचाचण्या करण्यास सांगतात, त्या प्रामुख्याने जंतुसंसर्ग व दाह ओळखण्यासाठी असतात. अहवाल सर्वसाधारण आला म्हणजे कूर्चा भरून आली, असा त्याचा अर्थ नसतो. उलट, ताप, सांध्याची वाढती सूज, लाली किंवा जखमेतून स्राव अशी लक्षणे असतील तर तातडीने डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते.

कूर्चा भरल्याचे सिद्ध करणारी रक्तचाचणी म्हणून एखादी महागडी तपासणी सुचवली गेल्यास रुग्णांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. या चाचणीच्या निकालामुळे उपचारांत कोणता बदल होणार आहे? आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या त्याच चाचणीचा आकडा तुलनेसाठी उपलब्ध आहे काय? पहिल्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळत नसेल, तर तो खर्च नियमित व्यायामोपचार आणि ठरलेल्या वेळच्या तपासण्यांसाठी राखून ठेवणे अधिक हिताचे ठरते. भार किती व केव्हा टाकावा याबाबतच्या सूचना पाळण्यावर शस्त्रक्रियेचे यश बऱ्याच अंशी अवलंबून असते.