कपाशीचा करडा सोंडकिडा : वऱ्हाडच्या मातीतील जुना रहिवासी

साठवणीच्या तांदळात होणारे सोंडे शहरातील गृहिणींनाही परिचित आहेत. त्यांचाच एक नातलग तिवसा परिसरासारख्या कपाशी, तूर आणि संत्र्याच्या पट्ट्यात शेतात राहतो. हा करडा सोंडकिडा होय. १८९१ मध्ये फाउस्ट या कीटकशास्त्रज्ञाने त्याचे मायलोसेरस अनडेसिमपुस्ट्युलॅटस असे शास्त्रीय नामकरण केले. नावाचा अर्थ ‘अकरा ठिपक्यांचा’ असा आहे. हा कीटक मूळचा भारतीय उपखंडातीलच. अमेरिकेत कपाशीची बोंडे पोखरून हाहाकार माजविणारा सोंडकिडा वेगळा. तो भारतात आढळत नाही.

जीवनक्रम

पाच ते आठ मिलिमीटर लांबीच्या या राखाडी किड्याची सोंड आखूड व रुंद असते. मादी मातीत अंडी घालते. बिनपायाच्या अळ्या मुळे कुरतडतात आणि मातीतच कोषावस्थेत जातात. प्रौढ किडे पानांच्या कडा खाचा पाडून खातात. फांदीला धक्का लागताच ते मेल्यासारखे खाली पडतात.

निसर्गातील स्थान

पानामुळांतील अन्न पक्षी, कोळी, मुंग्या व शिकारी गांधीलमाश्यांपर्यंत पोहोचविणारा हा एक दुवा आहे. सर्सेरिस जातीच्या गांधीलमाश्या सोंडकिडे पकडून आपल्या पिलांसाठी बिळात साठवितात. नांगरामागे चालणारे बगळे उघड्या पडलेल्या अळ्या टिपतात. मातीतील बुरश्याही त्यांना रोगग्रस्त करतात.

या शत्रूंची साखळी नसेल तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडात दिसते. याच प्रजातीचा श्रीलंकेकडील उपप्रकार २००० मध्ये तेथे प्रथम आढळला. पुढे दीडशेहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर त्याची नोंद झाली.

फवारणीचा प्रश्न

२००२ मध्ये आलेल्या बीटी कपाशीतील विष बोंडअळ्यांसाठी आहे. सोंडकिड्यावर त्याचा परिणाम होत नाही. त्यामुळे खाचा पडलेली पाने दिसताच फवारणीचा मोह होतो. कोवळ्या रोपांना या किड्यापासून धोका असतो हे खरे. परंतु वाढलेले झाड थोडीफार पाने गमावूनही तग धरते. सरसकट फवारणीत ढालकिडे, क्रायसोपा व गांधीलमाश्याही मरतात. माणसांनाही त्याची किंमत मोजावी लागते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले.

उन्हाळी नांगरणी आणि फांद्या हलवून पडलेले किडे गोळा करणे हे साधे उपाय आहेत. किड्याचा समूळ नाश हे त्यांचे उद्दिष्ट नाही. त्याची संख्या आटोक्यात राहावी आणि त्याचे शत्रू शेतात टिकावेत, एवढेच आहे.