चेतकचा कार्ब्युरेटर

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यावर आकुर्डी येथें 1960 च्या सुमारास जी स्कूटर तयार होऊं लागली, तिचें नांव आणि आराखडा हीं दोन्ही इटलीचीं होतीं. पियाज्जिओ कंपनीशीं झालेल्या करारान्वयें बजाज ऑटोनें येथें वेस्पा बांधली. करार 1971 सालीं संपला, आणि पुढील वर्षीं राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव घेऊन चेतक बाहेर पडली. यंत्राची जात मात्र पालटली नाहीं. जुन्या चेतकचा उजव्या अंगाचा फुगीर पत्रा उतरविला, म्हणजे हें ध्यानांत येतें.

पत्र्याखालीं एक लहानशी पेटी, तींत हवेची जाळी, आणि जाळीखालीं कार्ब्युरेटर. वजनानें सुमारें 15 भाग हवेंत 1 भाग पेट्रोल मिसळावें, एवढेंच त्याचें काम. अरुंद वाटेनें वेगानें जाणाऱ्या हवेचा दाब उतरतो, आणि त्या ओढीनें पेट्रोल बारीक भोंकांतून तुषाररूपानें वर येतें. ही युक्ति जर्मनीच्या मायबाखनें 1893 सालीं साधली.

स्कूटर वर्षभर दारांत उभी राहिली कीं बिघडतें तें हेंच भोंक. चेतकच्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीं पेट्रोलांत तेल मिसळावें लागतें. पेट्रोल उडून जातें, तेल आणि राळेसारखा गाळ मागें उरतो. कारागीर प्रथम टाकीचा कॉक बंद करितो, दोन लांब बोल्ट सोडवून कार्ब्युरेटर बाहेर काढितो, फ्लोटची सुई झिजली आहे काय हें पाहतो आणि मग जेटला हात घालतो. पितळी जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोंकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजलेला. म्हणूनच तेथें तार घालणें हा अपराध होय. भोंक केंसभर रुंदावलें तरी गाडी पेट्रोल अधिक पिऊं लागते, आणि दोष बिचाऱ्या इंजिनावर येतो! पेट्रोलानें धुवावें, हवेचा झोत मारावा, एवढेंच खरें. बोल्ट फार आवळले तर मऊ मिश्रधातूचें अंग वांकतें व बाजूनें हवा शिरते. जोडणीनंतर मिश्रणाचा स्क्रू पुरा मिटवून सुमारें दीड फेरा मागें घ्यावयाचा. पुढचें काम कानाचें.

स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, त्या काळीं ही विद्या थोडीफार घरोघरीं होती. पुढें चाकणच्या कारखान्यांतील 220 पल्सरला 2007 सालीं पेट्रोल मोजून फवारणारी विद्युत्-यंत्रणा लाभली. गंमत अशी कीं, 2009 सालीं तीच गाडी स्वस्त होऊन पुन्हां कार्ब्युरेटरवर आली. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे प्रदूषण-नियम लागू झाले, तेव्हां मात्र नव्या दुचाकींतून तो जवळजवळ हद्दपार झाला. कानानें सूर लावणारे कारागीर त्यामुळें विरळ होत चालले आहेत. आकुर्डींत 2022 पासून चेतक पुन्हां बनूं लागली आहे. ती विजेवर चालते.