सामूहिक शेतीच्या आड आलेले पाद्री

सोव्हिएत संघात १९२९ च्या अखेरीस सक्तीच्या सामूहिक शेतीची मोहीम वेगाने सुरू झाली, तेव्हा खेड्यातील ऑर्थोडॉक्स पाद्रीही तिचे शत्रू ठरविण्यात आले. वास्तविक गावच्या पाद्र्याकडे फारशी जमीन नसे. तरीही त्याची गणना ‘कुलक’ म्हणजे सधन शेतकऱ्यांबरोबर झाली. बाप्तिस्मा, लग्न आणि अंत्यविधी चर्चमध्ये होत, शेतीच्या कामांचे दिवस संतांच्या सणांवरून ओळखले जात आणि पक्षाच्या ताब्यात नसलेली गावातील ती जवळपास एकमेव संस्था होती.

पाद्र्यांचा मतदानाचा हक्क १९१८ च्या राज्यघटनेनेच काढून घेतला होता. ८ एप्रिल १९२९ च्या कायद्याने चर्चचे काम केवळ उपासनेपुरते उरले. दानधर्म, मुलांचे धर्मशिक्षण, परस्पर साह्यनिधी हे सारे निषिद्ध झाले. पुढच्याच महिन्यात घटनादुरुस्तीने धर्मप्रचाराचे स्वातंत्र्य गेले, धर्मविरोधी प्रचाराचे मात्र राहिले.

प्रत्यक्षात सर्वांत सोयीचे हत्यार ठरले ते कराचे. पाद्र्यावर कुलकाप्रमाणे कर आणि धान्याची लेव्ही बसविली जाई. ती थकली की घरदार जप्त होई, मग अटक किंवा हद्दपारी. कागदोपत्री त्याला शिक्षा होई ती धर्मासाठी नव्हे, तर थकबाकीदार किंवा सोव्हिएतविरोधी प्रचारक म्हणून. त्यामुळेच फेब्रुवारी १९३० मध्ये चर्चप्रमुख मेट्रोपॉलिटन सर्गियस यांच्या नावे, देशात धर्मच्छळ नाही, अशी मुलाखत छापता आली. त्यानंतर काही दिवसांतच सरकारला दिलेल्या निवेदनात याच सर्गियस यांनी चर्चच्या विम्याचे हप्ते आणि पाद्र्यांवरील कर यांची गाऱ्हाणी मांडली. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मुलाखतीची किंमत कळते.

गावकऱ्यांनी हे मुकाट्याने सोसले नाही. गुप्त पोलिसांच्याच नोंदींनुसार १९३० मध्ये खेड्यांत १३,७५४ सामूहिक उद्रेक झाले. त्यांपैकी १,४८७ उद्रेकांचे कारण चर्चला कुलूप लावणे किंवा घंटा उतरविणे हे होते. अशा प्रसंगी बहुधा बायकाच पुढे असत.

२ मार्च १९३० च्या ‘प्रावदा’तील लेखात स्टालिनने घंटा उतरवून सामूहिक शेतीचा श्रीगणेशा करणाऱ्यांची टर उडविली आणि सारे खापर स्थानिक कार्यकर्त्यांवर फोडले. लाखो शेतकरी सामूहिक शेतीतून बाहेर पडले. पाद्र्यांची मात्र सरसकट सुटका झाली नाही. मोहीमही थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा सुरू झाली. रिकाम्या चर्चमध्ये धान्याची कोठारे आणि क्लब थाटले गेले.

जानेवारी १९३७ च्या जनगणनेत १६ वर्षांवरील सुमारे ५७ टक्के लोकांनी आपण श्रद्धावान असल्याचे निर्भयपणे नोंदविले. ही गणना रद्द झाली, ती करणारे प्रमुख अधिकारी पकडले गेले. त्याच वर्षी ३० जुलैच्या गुप्त फर्मानात माजी कुलकांबरोबर चर्चच्या मंडळींचाही समावेश झाला. शिक्षा दोनच होत्या : गोळी, किंवा ८ ते १० वर्षांची छावणी अथवा तुरुंग.