जुना सांगाडा, नवी ऊर्जा : महाराष्ट्रातील मोटार उद्योगाचे विद्युत वाहनांकडे सावध संक्रमण

विद्युत मोटारीच्या इतिहासात नव्या कंपन्यांच्या धाडसाचे वर्णन पुष्कळ होते आणि जुन्या कंपन्यांच्या वाट्याला दिरंगाईचा ठपका येतो. महाराष्ट्रातील उद्योगांची वाटचाल पाहता ही दिरंगाई केवळ अनास्थेतून आली असे म्हणता येत नाही. कारखाना, साचे आणि पुरवठादार यांत गुंतलेले भांडवल शक्य तितके राखण्याचा तो हिशेबी मार्ग होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भारतीय बाजारात या मोटारीची खरी ओळख जुन्या उत्पादकांनी करून दिली नाही. बंगळूरची ‘रेवा’ ही छोटी मोटार २००१ मध्ये विक्रीस आली. महिंद्रा समूहाने २०१० मध्ये त्या कंपनीवर नियंत्रण मिळविले. म्हणजे तंत्रज्ञान घडविण्याऐवजी विकत घेतले. त्यातून २०१३ मध्ये ‘ई-टू-ओ’ निघाली, पण ग्राहक फारसा लाभला नाही. पुढे २०१६ मध्ये ‘व्हेरिटो’ या जुन्याच गाडीत बॅटरी बसविण्यात आली.

टाटा मोटर्सने प्रथम सरकारच्या रूपाने ग्राहक मिळविला. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने २०१७ मध्ये १०,००० विद्युत मोटारींसाठी निविदा काढली. ती टाटांनी जिंकली आणि ‘टिगोर’ विजेवर आणली. मात्र सर्वसामान्य ग्राहकाने विद्युत मोटार स्वीकारली ती जानेवारी २०२० च्या ‘नेक्सॉन’मुळे. पेट्रोल-डिझेलवरील नेक्सॉन २०१७ पासून विकली जात होती. तिच्याच सांगाड्यात ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी बसविण्यात आली. २०२१ मध्ये विद्युत वाहनांसाठी वेगळी कंपनी स्थापण्याचे ठरले आणि तीत बाहेरच्या गुंतवणूकदारांनी ७,५०० कोटी रुपये देऊ केले. जोखीम अशी वाटली गेली. केवळ विजेसाठीच आखलेल्या सांगाड्यावरील महिंद्राच्या गाड्या जनतेसमोर येण्यास नोव्हेंबर २०२४ उजाडला. त्या चाकणला बनतात.

या सावधपणाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. विद्युत मोटारीत पिस्टन, झडपा, इंधनटाकी, सायलेन्सर यांना स्थान नाही. हे भाग बनविणाऱ्या लहान कारखान्यांना कंपनीच्या प्रत्येक सावध वर्षाने अवधी मिळाला. हिंगोली जिल्ह्यात मोटार कारखाना नाही. पण येथून आय.टी.आय. करून वाळूज-चाकणला गेलेल्या तरुणांची उपजीविका त्याच भागांशी जोडलेली आहे. मराठवाड्यातील मोटार-उद्योगाच्या जडणघडणीत बजाज ऑटोच्या १९८५ मधील वाळूज कारखान्याचा वाटा मोठा आहे. आता जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगर येथील प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. त्यातही विद्युत वाहनांच्या जोडीला हायब्रिड वाहने आहेत, म्हणजे इंजिनाला अद्याप रजा मिळालेली नाही.

दुचाकीच्या क्षेत्रात हे संक्रमण एकाच आवारात दिसते. बजाजने आकुर्डीतील उत्पादन २००७ मध्ये थांबविले आणि २०२२ मध्ये तेथेच विद्युत ‘चेतक’चा कारखाना उघडला. नाव जुने, जागा जुनी. मधल्या १५ वर्षांत तेथील कामगार व त्यांचे सुटे भाग पुरविणारे कोठे गेले, हा अभ्यासविषय इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावयास हवा.