वसईच्या बंदिखान्यातील फ्रेंच वैद्य

विरारच्या पूर्वेचे चंदनसार आज दाट वस्तीने वेढलेले असले, तरी १५३४ पासून चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई सर करीपर्यंत हा मुलूख पोर्तुगीज अंमलाखाली होता, आणि त्या अंमलात मुखातून निसटलेले वाक्यही गुन्हा ठरत असे. दमणला वैद्यकी करणारा फ्रेंच तरुण देलों याने बाप्तिस्म्याविषयी व मूर्तींविषयी वाद घातला, आणि धर्मन्यायाधीशही मनुष्यच असल्याने चुकू शकतात, असे म्हटले. एवढ्यावरून ऑगस्ट १६७३ मध्ये त्याला कैद झाली. पुढे गोव्याच्या वाटेवर त्याला वसईच्या तुरुंगात ठेवण्यात आले, आणि जानेवारी १६७४ मध्ये तो गोव्यास पोहोचला.

तेथील धर्मन्यायासनाच्या चौकशीची रीत भयंकर होती: आरोप काय, फिर्यादी कोण, साक्षी कोणाच्या, हे कैद्यास न सांगता त्यानेच आपला अपराध ओळखून कबूल करावा, अशी अपेक्षा असे. त्या एकांतवासात देलोंने आत्महत्येचे प्रयत्नही केले. जानेवारी १६७६ मध्ये मालमत्तेची जप्ती, हिंदुस्थानातून हद्दपारी आणि पोर्तुगालात पाच वर्षांची सक्तमजुरी, अशी शिक्षा त्याला फर्मावली गेली.

१६७७ मध्ये त्याची सुटका झाली. वाच्यता न करण्याची शपथ घेऊनही त्याने १६८७ मध्ये आपला वृत्तांत छापला. ही शपथ त्याने मोडली, हे मला सर्वथा न्याय्य वाटते, कारण त्या गुप्त न्यायासनाची कार्यपद्धती एका भुक्तभोगी कैद्याच्या लेखणीतून युरोपातील वाचकांपुढे उघडी पडली. ते न्यायासन मात्र १८१२ पर्यंत टिकले.